भिंतीवर ‘त्यांना’ नाही

गेल्या शुक्रवारपासून हे डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकते.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत येऊन मला सहा वर्षं झाली, जुनं कॅथेड्रल ऑफिसपासून दहा मिनिटांवर, तरी शुक्रवारी दुपारी बाराला तिथे प्रार्थना असते हे माहीतच नव्हतं. मी आपली डबा घेऊन उन्हात बसायला गेले होते. जुनं कॅथेड्रल म्हणजे बाहेरच्या भिंती, एक उंच मनोरा आणि वर आभाळ. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी हे शहर जाळलं, पाचशेच्या वर माणसं गेली, चर्चचं छत कोसळलं. नवीन कॅथेड्रल शेजारी बांधलं, ते 1962 साली खुलं झालं, पण जुनं या लोकांनी पडलं तसंच ठेवलंय. छताच्या दोन जळक्या तुळयांचा क्रॉस केला होता (मूळचा आता आत नेलाय, बाहेर तसाच दुसरा आहे) आणि त्याच्या मागे भिंतीवर दोनच शब्द कोरलेत, फादर फर्गिव्ह. हे पित्या, क्षमा कर.

क्रुसावरून येशू म्हणाला होता, हे पित्या, त्यांना क्षमा कर, कारण आपण काय करतोय ते त्यांना समजत नाही. भिंतीवर त्यातला ‘त्यांना’ नाही. तेव्हाचे इथले प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी तो मुद्दाम येऊ दिला नाही. स्वतःचं चर्च जळून गेलेला माणूस म्हणतो की क्षमा सगळ्यांनाच लागते, आम्हालाही. मला हे इतकं लागलं की डबा तसाच राहिला.

बारा वाजता दहा-पंधरा लोक जमले. एक जण एकेक ओळ वाचतो, द्वेष, लोभ, मत्सर, गर्व, आणि प्रत्येक ओळीनंतर सगळे म्हणतात, फादर फर्गिव्ह. मीही म्हणत होते. लोभाच्या ओळीला माझं तोंड उघडलंच नाही.

कारण डोळ्यासमोर काका आला.

इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या जुन्या लोकांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. काकाच्या धंद्याच्या कर्जाला बाबा जामीन राहिले, काकाने हप्ते बंद केले आणि बाबांची ग्रॅच्युइटी त्यात गेली, वर आठ वर्षं ते बँकेत पैसे भरत राहिले. दर महिन्याच्या पाच तारखेला पासबुक दुधाच्या पिशवीत गुंडाळून, पिशवीला रबर लावून, सायकलवर. स्कूटर विकली होती. काका तेव्हा दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि त्याच्याकडे नवी गाडी आली होती. बाबा 2019 मध्ये गेले. काका आजारी आहे, चुलत भावाचा दोन महिन्यांपूर्वी मेसेज आला, ‘बाबा तुझी फार आठवण काढतात ताई.’ मी उत्तर दिलेलं नाही. आणि मला नाही वाटत की कुणी मला त्याबद्दल नावं ठेवावीत.

ऑफिसात एक नायजेरियन मैत्रीण आहे, पक्की कॅथलिक, नेमाने कन्फेशनला जाणारी. तिला हे सांगितलं तर म्हणाली, देवाने तुला माफ केलंय, मग तू कोण धरून ठेवणारी? मला खरंच राग आला. मी काय केलंय की देवाने मला माफ करावं? शांतपणे तिने मग येशूची एक गोष्ट सांगितली. एका चाकराचं राजाकडे दहा हजार तालांत कर्ज, म्हणजे मजुराच्या सहा कोटी दिवसांची मजुरी, कुठल्याच जन्मात फिटणार नाही असं. तो पाया पडतो, राजा सगळं सोडून देतो. बाहेर येऊन तोच चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. राजाला कळतं आणि सोडलेलं कर्ज परत डोक्यावर येतं. त्यांच्या रोजच्या प्रार्थनेतही हेच आहे आणि मराठी बायबलमध्ये तिथे शब्दच ‘ऋण’ आहे, आम्ही आमच्या ऋणकऱ्यांना सोडलं तशी तू आमची ऋणं सोड.

मी घरी येऊन हिशोब केला. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. ही काही लहान रक्कम नाही! तीन महिने घरात चूल कशी पेटणार? म्हणजे गोष्ट असं म्हणतच नाहीये की तुझं नुकसान किरकोळ आहे. नुकसान खरं आहे, पैसे बुडालेत, आणि सोडणाऱ्याच्याच खिशातून गेलेत. राजाच्याही गेले. ख्रिस्ती लोक क्रुसाकडे बघून म्हणतात की आमचं देणं देवाने स्वतः भरलं, ते मला त्या रात्री पहिल्यांदा समजलं. बाबांनी दुसऱ्याचं देणं भरलं ना, मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

पण आपल्याकडे हे नाही असं इथे कुणी म्हटलं की मी ऐकून घेत नाही. इंदूरमध्ये आमच्या शेजारचं जैन कुटुंब दरवर्षी क्षमावाणीला दारात येऊन हात जोडून माफी मागायचं, आजोबांपासून पाच वर्षांच्या पोरापर्यंत. नाथांवर थुंकणाऱ्या माणसाची गोष्ट आपण सगळे ऐकून मोठे झालो. पूजेच्या शेवटी आपणही चुकलंमाकलं माफ कर म्हणतोच. फक्त आई म्हणते तसं, देव क्षमा करतो पण भोग चुकत नाहीत. येशूच्या दुसऱ्या एका गोष्टीत मात्र बापाचे पैसे उडवून परत येणाऱ्या उधळ्या मुलाला लांबून बघूनच बाप धावत सुटतो, पोराचं माफीचं वाक्य पुरं होण्याआधी अंगरखा मागवतो. मला हे अजून जड जातं. घरीच राहून राबलेल्या मोठ्या भावाला या स्वागताचा राग येतो, तो मला जास्त कळतो.

आणि मग आपल्याच भागात काम केलेल्या कॅथलिक नन राणी मारिया आठवल्या. उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये 25 फेब्रुवारी 1995 ला त्या सिस्टरना भोसकून मारलं, मी सातवीत होते. त्यांची सख्खी बहीण सेल्मी पॉल 2002 मध्ये तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला, 2006 मध्ये तो सुटला. चर्चने राणी मारियांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेही इंदूरमध्येच, नोव्हेंबर 2017 मध्ये. अकरा वर्षं तुरुंग त्याला चुकला नाही, आणि राखीही मिळाली. आईच्या भोगाला आणि त्या धावणाऱ्या बापाला मी एका ठिकाणी बघितलं ते फक्त इथे.

तरी एक गोष्ट सुटत नाही. पैसे बाबांचे गेले, सायकल त्यांनी चालवली. ते ऋण सोडायचा हक्क माझा आहे का?

रविवारी आईला फोन केला, सगळं सांगितलं, भिंतीचं, चाकराचं, मेसेजचं. ती बराच वेळ गप्प होती, मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, ‘तुला बोलायचं तर बोल त्याच्याशी. माझ्याकडून काही सांगू नकोस.’ फोन ठेवता ठेवता परत म्हणाली, ‘आणि त्याला खायला काय चालतं आता, ते विचार.’