हमीपत्रानंतरचे महिने

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या गावांत माझ्यासारख्या ग्रामसेवकाला बालविवाहाची खबर नवीन नसते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली ग्रामीण भागात ग्रामसेवकच प्रतिबंधक अधिकारी असतो, हे मात्र गावातल्या बहुतेकांना माहीत नसते. त्यांच्या लेखी भाऊसाहेब म्हणजे घरपट्टी आणि दाखले. खबर येते ती बहुधा १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर, निनावी आणि हळद लागून गेल्यावर. त्या दुपारी मात्र नववी ते अकरावीत शिकणाऱ्या चार मुली कार्यालयात आल्या, त्यांनी सह्यांनिशी एक अर्ज टेबलावर ठेवला आणि त्यांतली थोरली म्हणाली, "भाऊसाहेब, आवक नंबर टाकून पोच द्या." पोच हातात असली की कागद गहाळ होत नाही, हे पन्नाशीतल्या माणसांनाही सुचत नाही.

त्यांच्या नववीतल्या मैत्रिणीचे लग्न शेजारच्या गावातील देवळात दुसऱ्या दिवशी पहाटे व्हायचे होते. पत्रिका नाही, मंडप नाही, बाहेर सांगायला फक्त साखरपुडा. मुलींना संशय आला तो ती शिंप्याकडे ब्लाउजची मापे द्यायला गेली तेव्हा. त्यांनी शाळेच्या जनरल रजिस्टरमधला तिचा क्रमांक आणि जन्मतारीख अर्जात लिहिली होती. हा तपशील मला फार मोलाचा वाटला, कारण अशा प्रसंगी घरचे लोक आधार कार्ड पुढे करतात आणि त्यावर वय बहुधा अठराच्या पुढे गेलेले असते. वय ठरवताना आधार कार्ड चालत नाही. आधी शाळेची नोंद, ती नसेल तर जन्मनोंद आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, असा क्रम बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये ठरवून दिलेला आहे. रजिस्टरप्रमाणे मुलगी पंधरा वर्षांची होती.

चातुर्मासात एरवी लग्ने होत नाहीत, पण ऊसतोडीची टोळी कारखान्यावर निघायची असते तेव्हा काढीव मुहूर्त चालतो. त्यामागचा हिशेब उघड आहे. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराचा अर्धा कोयता धरतात. शिवाय वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापांचा खरा धसका असतो आणि तो मी खोटा म्हणणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, तर बीडमध्ये सुमारे ४४ टक्के होते.

पुढची कारवाई नेहमीची होती: पोलीस, अंगणवाडी ताई, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचे जबाब, अठराच्या आत लग्न न करण्याचे हमीपत्र आणि मुलीला बालकल्याण समितीपुढे हजर करणे. "सामोपचाराने मिटवा" असे सांगणारे फोनही नेहमीप्रमाणे आले. बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली अक्षता टाकायला येणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, तरीही प्रतिष्ठित मंडळी अशा लग्नांना फेटे बांधून जातात. आमच्या भागात कायद्याची भीती त्यांच्यामुळेच गेली आहे, असे माझे मत आहे.

मी तालुक्याला अहवाल पाठवला. विहित नमुन्यात "रोखलेले बालविवाह" असा रकाना असतो, त्यात एक आकडा पडला आणि कागदोपत्री प्रकरण संपले. पुढच्या आठवड्यात त्याच मुली दुसरा अर्ज घेऊन आल्या. मैत्रीण आता आईबापांबरोबर कारखान्यावर जाणार, पाच-सहा महिने शाळा बुडणार आणि तिकडे उसाच्या फडातच कोणीतरी तिचे लग्न उरकून टाकणार. तर ती गावात राहावी यासाठी ग्रामपंचायत काय करणार, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या वहीत आठवीनंतर शाळा सुटलेल्या गावातल्या मुलींची नोंद होती आणि त्यांतल्या दोघींची लग्ने आधी "रोखलेली" होती. आमचा नमुना ज्या दिवशी थांबतो, त्या दिवसापासून या मुलींची वही सुरू होत होती. हे वाक्य लिहिताना आजही मला अस्वस्थ वाटते, कारण हमीपत्रानंतर त्या मुलीचे काय झाले, हे विचारणारा रकाना वरच्या कोणत्याही कार्यालयाने माझ्याकडे कधी मागितलेला नाही.

आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाची सोय प्रामुख्याने आठवीपर्यंत असते, म्हणजे धोका जिथे सुरू होतो तिथेच ती संपते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये शासकीय वसतिगृह योजना आली हे खरे, पण हंगाम तोंडावर आलेला असताना तिथे जागा मिळणे आमच्या मुलींच्या नशिबी नव्हते. मुलींनी मागितले ते अगदी साधे होते: समाजमंदिरात रात्रीची अभ्यासिका, सोबतीला गावातल्याच दोन जाणत्या बायका आणि त्यांना मानधन. पैसे कुठून, या प्रश्नाचे उत्तरही त्यांनी आणले होते. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, तर गेल्या वर्षी ते कशावर झाले, असे थोरलीने ग्रामसभेत उभे राहून विचारले. मी दप्तर उघडून वाचून दाखवले: अंगणवाडीची भांडी आणि सतरंज्या.

ग्रामसभेचे सदस्य म्हणजे मतदारयादीतील माणसे, त्यामुळे अठराच्या आतल्या या मुलींची गणना कोरममध्येही होत नाही. "पोरीसोरींनी सभेत कशाला बोलायचं?" असे एका ज्येष्ठाने विचारले. सरपंचबाईंनी आदल्या महिला सभेत विषय मंजूर करून घेतला होता, म्हणून त्या ठाम राहिल्या. मी तो आयत्या वेळच्या विषयांत घेतला आणि मुलीचे म्हणणे इतिवृत्तात तिच्याच शब्दांत लिहिले. त्या पानाचा मला माझ्या सगळ्या नोकरीत सर्वांत जास्त अभिमान आहे.

ठराव झाला. ती मैत्रीण आजीपाशी राहिली, रात्री अभ्यासिकेत झोपू लागली आणि आता दहावीत आहे. दर महिन्याला मुली मुख्याध्यापकांकडून तिची आणि आणखी काही जणींची हजेरी विचारून वहीत उतरवतात. तरी माझे मन निर्धास्त नाही. तिच्या वडिलांच्या अंगावर मुकादमाची उचल अजून आहे, अठरा पूर्ण व्हायला तिला बराच काळ आहे आणि तिच्यासाठी सभेत उभी राहिलेली थोरली बारावीनंतर शिकायला शहरात जाणार आहे.

मानधनाचा प्रश्नही सुटलेला नाही. दहा टक्के हे वसूल झालेल्या उत्पन्नाचे असतात आणि आमची घरपट्टी निम्मीही वसूल होत नाही. मुलींचा तिसरा अर्ज त्यासंबंधी आहे: थकबाकीदारांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. त्या यादीत दोन ग्रामपंचायत सदस्यांची घरे येतात. अर्ज येत्या मासिक सभेपुढे आहे.