शटर पन्नासावर ठेव की!

मागच्या वैशाखात मामेबहिणीच्या लग्नाचं शूटिंग माझ्या गळ्यात पडलं. ‘घरात एक शूटिंगवाला असताना बाहेरचा कशाला?’ हे मामीचं म्हणणं. म्हणजे पैसे कशाला द्यायचे. मिररलेस कॅमेरा नवा, हप्ते अजून चालू. त्यामुळं मीही ताठ्यात होतो.

घरी येऊन लॅपटॉपवर लावलं आणि पोटात गोळा आला. हळदीच्या सगळ्या क्लिपांत काळसर पट्टे पळत होते. नवरीच्या गालावरून, मुंडावळ्यांवरून, मागच्या पडद्यावरून. बाहेर अंगणात घेतलेलं सगळं साफ, कार्यालयाच्या आतलं सगळं वाया. मला वाटलं सेन्सर गेला.

शेवटी उलगडा केला तो कार्यालयात लाईट लावायला आलेल्या आण्णांनी. बेळगावात चाळीस वर्षं मांडवात वायरी ओढलेला माणूस, कॅमेरा कधी हातात धरलेला नाही. पट्टे बघून म्हणाले, ‘आपल्या करंटची फेरी पन्नासाची असतीय की. तू किती ठेवलावतास?’ मी शटर साठावर ठेवलं होतं, म्हणजे एकेका फ्रेमवर सेकंदाचा साठावा भाग उजेड पडतो. शिकलो होतो अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघून. ते सांगतात, सेकंदाला 30 फ्रेम घ्या, शटर त्याच्या दुप्पट, म्हणजे 1/60. त्यांचं बरोबर आहे, कारण तिकडं वीज 60 हर्ट्झची. आपल्याकडं 50. आपली ट्यूब किंवा साधा एलईडी दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर 1/50 ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये बरोब्बर दोन लहरी मावतात आणि पट्टा उठतच नाही. 1/100 लाही चालतं, एक लहर मावते.

तेव्हापासून माझा कॅमेरा पाल मोडवर, म्हणजे 50 हर्ट्झवाल्या देशांच्या व्हिडिओ पद्धतीवर, 25 फ्रेम आणि 1/50. मोड बदलताना काही कॅमेरे कार्ड फॉरमॅट करायला लावतात, तेव्हा आधीचं उतरवून घ्या. आणि 30 फ्रेमच पाहिजे असतील तर असू देत, शटर तेवढं हातानं 1/50 वर आणा. हे ‘हातानं’ महत्त्वाचं. ऑटोवर सोडलं की कॅमेरा आपल्या मनाचा राजा.

व्हाईट बॅलन्सचंही तेच, म्हणजे कुठल्या उजेडात पांढरं कशाला धरायचं ते. हळदीला एका बाजूला पिवळे बल्ब, दुसऱ्या बाजूला पांढरी ट्यूब. ऑटोवर ठेवलं तर हिरवा शालू फ्रेममध्ये आला की तोंडं गुलाबी, शालू गेला की पिवळी. मी आता आत शिरलो की एक पांढरा रुमाल धरून केल्व्हिन, म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, ठरवतो, बहुतेक 4000 च्या आसपास, आणि कार्यक्रम संपेपर्यंत हात लावत नाही. थोडं चुकलं तरी सगळं सारखंच चुकतं, नंतर एका फटक्यात सुधारता येतं.

आता बाहेरचं. आजोळ माझं जांबोटीकडं. जुलैत रोप लावणीला गेलो होतो. तिकडचा पाऊस ठाऊक असलेल्यांना सांगायला नको. पण दुपारी घटकाभर उघडीप पडली आणि चिखलातलं पाणी आरशासारखं चमकायला लागलं. 1/50 ला, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) 100 वर ठेवूनही चित्र पांढरंफटक. लखलखीत उन्हात या शटरला f/22, म्हणजे लेन्सचं भोक अगदी बारीक, लागतं. मला f/2.8, म्हणजे मोठं भोक, पाहिजे असेल तर सहा स्टॉप, म्हणजे सहा वेळा निम्मा-निम्मा, उजेड कमी करायला हवा. त्याला एनडी 64 फिल्टर, लेन्सपुढं लावायची काळसर काच. तो घरी राहिला होता. मग शटर 1/1000 वर नेलं.

त्या दोन क्लिपा शेजारी शेजारी ठेवून बघतो कधी कधी. ढग असताना 1/50 ला घेतलेल्या क्लिपेत मामीचा हात रोप घेऊन चिखलात जातो, अंगठा मुळाशी दाबतो, बाहेर येतो, तेव्हा बोटं किंचित पुसट दिसतात आणि खड्डा पाण्यानं हळूच भरून येतो. 1/1000 च्या क्लिपेत प्रत्येक थेंब गारेसारखा सुटा, हात झटके खात चाललाय. मामी स्वतः बघून म्हणाली, ‘ह्यात मी यंत्रासारखी दिसायल्ये.’ एनडी घेताना फिरवून गडद करायचा घेतलात तर शेवटच्या टोकापर्यंत फिरवू नका, फ्रेममध्ये काळी फुली उमटते.

फोकसनंही त्याच शेतात छळलं. चेहरा ओळखणारा ऑटोफोकस लग्नात सोन्यासारखा, पण इथं सगळ्या बायका वाकलेल्या, अंगावर प्लास्टिकच्या खोळी, चेहरा कुणाचाच नाही. कॅमेरा पुढच्या रोपाच्या पात्यावर जायचा आणि परत यायचा. फोकस मॅन्युअल करा, पीकिंग चालू करा, फोकसमध्ये आलेल्या कडा कॅमेरा रंगवून दाखवतो.

हात हलतो म्हणून लगेच गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा दांडा, घेऊ नका. पट्टा गळ्यात घालून कॅमेरा पुढं ताणून धरा, कोपर पोटाला, आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत हलू नका. माझ्या जुन्या क्लिपा सगळ्या तीन-तीन सेकंदांच्या, एडिटिंगला बसलो की रडू येतं.

आवाजाबद्दल एवढंच: राजहंसगडावर वारा असताना कॅमेऱ्याच्या माईकवर विश्वास ठेवलात तर फक्त फडफड मिळेल. केसाळ टोपी घातलेला छोटा माईक लावा, कॅमेऱ्याच्या आवाजपट्टीवर टोक उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या.

आणि पावसाळ्यात कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कोण देईल तर ऐकू नका. मी ठेवला. लेन्सच्या कड्यात कोंडा गेला, फिरवताना अजून करकरतंय. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, बस्स.

आता डोळ्यासमोर शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आहे. रात्रभर चालणारी, आणि प्रत्येक रथावर वेगळे दिवे. काही एलईडी पट्ट्या डिमरवर असतात, त्यांना पन्नास-शंभरचा नियम लागू होत नाही. तिथं शटर थोडं थोडं सरकवून पट्टा कुठं थांबतो ते बघावं लागतं. आमच्या गल्लीच्या रथाचं लायटिंग त्याच आण्णांकडं आहे. काल फोन करून विचारलं, डिमर लावणार काय? म्हणाले, ‘तू आदल्या रात्री कॅमेरा घेऊन ये, मी दिवे लावून दाखवतो. येताना खायला कुंदा आण.’