औषधांची महिन्याची फेरी वाटून घ्यायची असेल तर

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ किंवा हरसूलकडच्या पाड्यांवर बीपीची गोळी सुटते ती महाग म्हणून नव्हे. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन, साखरेची मेटफॉर्मिन प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. गोळी सुटते ती फेरीपायी. पाड्यावरून रस्त्यापर्यंत पायी, पुढे जीप, त्यात दिवसाची मजुरी बुडते, आणि एवढं करून खिडकीवर ऐकायला मिळतं, ‘साठा संपलाय, सोमवारी या’. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा माणूस जात नाही. डोकं दुखत नाही ना, मग गोळी कशाला!

म्हणून गावातल्या संस्थेने किंवा बचत गटाने आरोग्य शिबिराचा मांडव घालण्यापेक्षा ही फेरी वाटून घ्यावी. त्याला लागते एक वही आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाणारा एक भरवशाचा माणूस. सगळ्यांच्या गोळ्या तोच आणतो: सरकारी केंद्रात साठा असेल तर तिथून, नसेल तर जनऔषधी केंद्रातून, म्हणजे ब्रँडविना स्वस्त औषधं विकणाऱ्या सरकारी योजनेच्या दुकानातून.

वहीत प्रत्येक रुग्णाचं एक पान. त्यावर औषधाचा मूळ घटक, ताकद, दिवसातून किती वेळा आणि गोळी कोणत्या तारखेला संपते, एवढंच. ब्रँडचं नाव लिहून भागत नाही. जनऔषधी केंद्रात घटकाच्या नावानेच औषध मिळतं. चिठ्ठीवर फक्त ब्रँड असेल तर घटक आपण अंदाजाने लिहू नये. डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावा. नावापुढे ‘एसआर’ असेल तर तेही उतरवा. ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळते. गिळायला मोठी वाटते म्हणून कुटून दिली तर सगळं औषध एकदम अंगात जातं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पाकिटांच्या हिशोबात. खासगी दुकानातल्या बऱ्याच ब्रँडची पट्टी १५ गोळ्यांची असते, म्हणून ‘महिन्याला दोन पाकिटं’ हे डोक्यात पक्कं बसलेलं. जनऔषधीच्या पट्टीत बहुधा १० गोळ्या. दोन पट्ट्या आणल्या की विसाव्या दिवशी डबा रिकामा, आणि पुढचे दहा दिवस बीपी मोकाट. वहीत पाकिटं लिहूच नका, गोळ्या लिहा: रोज एक म्हणजे ३०, सकाळ-संध्याकाळ म्हणजे ६०. शिवाय ५ गोळ्या जादा, कारण पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की बाजाराची खेप चुकतेच.

दुसरा घोळ जास्त धोक्याचा. जुनं ब्रँडचं पाकीट घरात शिल्लक असतं, नवं जनऔषधीचं येतं. रंग वेगळा, आकार वेगळा, म्हणून आजी दोन्ही घेते. नवं पाकीट देताना जुनं समोर मागून बघा. कापलेल्या पट्टीवर मुदतीची तारीख आहे का, तेही तिथेच पाहून घ्या.

‘स्वस्त गोळीला गुण नाही’ हे ऐकावं लागणारच. वाद घालू नका. पंधरा दिवसांनी आशाताईंकडून किंवा उपकेंद्रात बीपी मोजून आकडा त्याच पानावर लिहा; पटायचं ते त्या आकड्यावरून पटतं. मात्र फिटची औषधं, रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि थायरॉइडची गोळी यांची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. यांत थोडा फरकही नडतो. थायरॉइडची ताकद मायक्रोग्रॅममध्ये असते, तिथे २५ आणि १२५ वाचताना चष्मा लावा.

संस्थेने औषधांचा साठा करायचा नाही, हे ठामपणे. साठवून विकायला औषध विक्रीचा परवाना आणि फार्मासिस्ट लागतो. प्रत्येकाची चिठ्ठी घेऊन जायचं, बिल त्याच्याच नावाने आणायचं. शहरातले सज्जन उरलेल्या गोळ्यांच्या पिशव्या दान करायला येतात. त्यांना चहा पाजा, पिशवी परत द्या.

ऑक्टोबरच्या छाटणीला माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात आणि वही गावातच राहते. निघण्याआधी त्या पानाचा फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये, मोबाइल नसेल तर कागदाची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत. बागेजवळच्या सरकारी केंद्रात तेवढं दाखवलं तरी पुढची तपासणी सोपी होते.

मोठ्या आजारासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, पण ती अंगीकृत, म्हणजे योजनेत नोंदलेल्या, रुग्णालयात भरती होण्यासाठी. रोजच्या गोळ्यांचा खर्च तिच्यात धरू नका. अडतं ते रेशन कार्डावर. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं असतं आणि सासरच्या कार्डावर चढलेलं नसतं, किंवा आधारवरचं नाव वेगळं असतं. रुग्णालयात पोहोचताच आधी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा तिथला माणूस, गाठा. रोख भरून मागाहून कार्ड दाखवलं तर पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतात. नाव चढवायचं काम मात्र तहसीलच्या पुरवठा शाखेत आणि वेळखाऊ. ते उन्हाळ्यात, माणसं गावात असताना उरका.