गोळी सापडली ती रस्त्याने जाणाऱ्याला

ओलोफ पाल्मेंच्या खुनाबद्दल कितीही वेळा वाचलं तरी माझं डोकं त्या पहिल्या रात्रीपाशीच अडकतं. 28 फेब्रुवारी 1986, स्टॉकहोम, रात्रीचे साडेअकरा वाजत आलेले, स्वीडनचे पंतप्रधान बॉडीगार्डला घरी पाठवून बायकोबरोबर पिक्चर बघून पायी निघालेत, आणि स्वेवेगेनसारख्या भर रस्त्यात कुणीतरी मागून येऊन पाठीत गोळी घालतो. दुसरी गोळी त्यांच्या बायकोला, लिस्बेटना, चाटून गेली. मारेकरी बाजूच्या गल्लीतल्या पायऱ्या चढून पळाला तो पळालाच.

पोलिसांनी अडवलेली जागा इतकी छोटी होती की लोक अगदी रक्ताजवळ येऊन फुलं ठेवत होते. पहिली गोळी सकाळी सापडली ती रस्त्यावर पडलेली, आणि कुणाला, तर एका भारतीय पत्रकाराला! दुसरी त्याच्या पुढच्या दिवशी, तीही येणाऱ्याजाणाऱ्यालाच. मला हे वाचून अजूनही संताप येतो.

निदान नंतर तरी तपास अनुभवी माणसांच्या हातात जायला हवा होता ना, पण सूत्रं घेतली हान्स होल्मेरनी, ते स्टॉकहोमचे पोलीसप्रमुख, सत्ताधारी सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या जवळचे, आणि खुनाचा तपास त्यांनी कधी केलेलाच नव्हता. तरी सरकार त्यांच्या पाठीशी. त्यांनी पीकेके या कुर्दिश संघटनेचा धागा धरला तो सोडलाच नाही, सरकारी वकील पुरावा कुठंय म्हणून भांडत राहिले. जानेवारी 1987 मध्ये कुर्दांची धरपकड झाली, आणि जवळपास सगळ्यांना लगेच सोडावं लागलं. जवळजवळ एक अख्खं वर्ष त्यात गेलं, आणि खुनाच्या केसमध्ये पहिलं वर्ष म्हणजे सगळं काही असतं. होल्मेर गेल्यावरही तोच धागा एबे कार्लसन नावाच्या प्रकाशकाने खासगीत चालू ठेवला, तेही कायदामंत्र्यांचं शिफारसपत्र खिशात घेऊन. 1988 मध्ये ते बाहेर आलं आणि मंत्री आना-ग्रेटा लेयोन यांना राजीनामा द्यावा लागला.

क्रिस्टर पेटरसन नावाच्या सराईत गुन्हेगाराला याच खुनासाठी 1989 मध्ये जन्मठेप झाली, लिस्बेटनी त्याला ओळखलं होतं, पण त्याच वर्षी तो अपिलात सुटला. बंदूक कधी मिळालीच नाही. 10 जून 2020 ला सरकारी वकिलांनी संशयित म्हणून स्टिग एंगस्ट्रॉम या माणसाचं नाव घेऊन फाइल बंद केली, तो माणूस 2000 मध्येच वारलेला, म्हणजे कोर्टात त्याची बाजू मांडायलाही कुणी नाही.

लिस्बेट 2018 मध्ये गेल्या.