तुम्ही विचारलंत म्हणून: स्टोअरमध्ये अजून वही का?

सीए विचारतात, बांधकामाच्या साइटवर येणारे मित्र विचारतात, सॉफ्टवेअरवाल्यांचा ट्रेनर तर दर भेटीत. "साहेब, एवढे पैसे भरून सिस्टिम घेतलीत, मग ही लाल वही कशाला?" आजवर "असू द्या, सवय आहे" म्हणून वेळ मारून नेली. सवय वगैरे काही नाही.

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअरच्या विरोधात नाही. वडिलांशी भांडून मीच ते आणलं. वाळूच्या एकाच चलनाचं बिल दोनदा लागलेलं त्याने पहिल्याच महिन्यात पकडलं. जीएसटीचा मेळ, रेराला, म्हणजे बांधकाम नियामकाला, द्यायची तिमाही माहिती, यासाठी आता रात्री जागाव्या लागत नाहीत. "वही म्हणजे चोरीला उघडं दार" हेही मीच म्हणायचो, आणि स्टोअरकीपर काकांच्या देखत म्हणायचो.

काका वडिलांच्या पहिल्या इमारतीपासूनचे. मोबाइलवर त्यांचं बोट भलतीकडेच लागायचं, म्हणून सुपरवायझर संध्याकाळी त्यांची वही बघून एंट्र्या मारायचा. नाशिकला गंगापूर रोडच्या साइटवर जालन्याहून आठ एमएम सळईच्या तीन गाड्या आल्या. काट्यावर मिळून २६,००० किलो. स्लॅब होत गेले, रॅक रिकामा झाला आणि स्क्रीनवर मात्र शिल्लक १,३५२ किलो.

काकांना ऑफिसात बोलावलं. बसा म्हणालो नाही, हे पक्कं आठवतं. "काका, साडेतेराशे किलो सळई गेली कुठं?"

"दादा, नग बघा ना. ५,२०० आले, ५,२०० गेले."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांना त्यातलं काय कळलं, देव जाणे. मग खिशातून स्टोअरच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. मी थांबवलं नाही. तुम्ही थांबवलं असतंत? पाऊण लाखाचा माल होता!

दोन महिन्यांनी, पुढच्या गाडीतले दहा बार, म्हणजे दहा सळया, मी सहज काट्यावर टाकले. साडेएकोणपन्नास किलो भरले. आम्ही सळई घेतो वजनावर आणि देतो नगावर. सिस्टिम नगाचं वजन काढते सूत्राने: एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरमागे किलो. म्हणजे आठ एमएमचा बारा मीटरचा बार ४.७४ किलो. माझ्या हातातला ४.९५. गिरणीने फसवलं म्हणावं तर तेही नाही, या जाडीला मानकात सात टक्के इकडेतिकडे चालतं. ५,२०० बारांवर याचेच १,०९२ किलो होतात.

इंजिनिअर ना तुम्ही, हे आधी सुचलं नाही? नाही सुचलं. लाल आकडा दिसला की डोकं चालत नाही, चोर शोधतं.

मग काकांची वही काढली. पहिल्या गाडीसमोर पेन्सिलने लिहिलेलं: "बार जड". एंट्रीत असलं काही लिहायला रकानाच नव्हता, सुपरवायझरने सोडून दिलं. दुसऱ्या-तिसऱ्या गाडीसमोर मात्र काही नाही. आणि उरलेल्या २६० किलोचा हिशेब अजून लागत नाहीच. ती सळई आता काँक्रीटमध्ये आहे, मोजणार कशी? कटिंगचे तुकडे भंगारात गेले म्हणावं, तर ते नगात आधीच धरलेले. कधी वाटतं काका शंभर टक्के खरे होते. कधी वाटतं, हे मी स्वतःची टोचणी कमी करायला म्हणतोय. किंवा उलट.

त्यांच्या घरी जाऊन आलो. काकूंनी चहा दिला. काका म्हणाले, "वयच झालं होतं दादा, कधीतरी थांबायचंच होतं." निघताना दारात विचारलं, "त्या कॉम्प्युटरात आता काय लिहिलंय?"

"दुरुस्त केलंय," मी म्हणालो.

सिस्टिममध्ये तूट नावे टाकताना कारण निवडावं लागतं: मोडतोड, चोरी, इतर. मी 'चोरी' निवडलं होतं. मार्चनंतर त्या वर्षाचा हिशेब बंद झाला. आता ती एंट्री उघडते, पण बदलत नाही.