सोर्स नसलेला प्रोग्राम: ऑनलाइन की बॅच?

मेनफ्रेमच्या लोड लायब्ररीत (कंपाइल होऊन चालायला तयार प्रोग्राम ठेवतात तिथे) मेंबर, म्हणजे एक प्रोग्राम, आहे, सोर्सचा पत्ता नाही आणि प्रोग्रामांच्या यादीत त्याच्यापुढे 'ऑनलाइन' लिहायचं की 'बॅच' हे ठरवायचंय. नावावर जाऊ नका. तिसऱ्या अक्षरावरून प्रकार ओळखायचा असले नियम पहिली काही वर्षं पाळले जातात, नंतर घाईत कुणीतरी मोडतो.

झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर खरा साक्षीदार लोड मोड्यूलच, म्हणजे तो लिंक झालेला प्रोग्राम. सीआयसीएसच्या (ऑनलाइन व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर) कमांड असलेल्या प्रोग्रामला लिंक करताना एक छोटा स्टब, म्हणजे हाक सीआयसीएसपर्यंत पोचवणारा कोडचा तुकडा, जोडतात: डीएफएचईएलआयआय, जुन्या कोबोलमध्ये डीएफएचईसीआय. तो शोधायला ॲमब्लिस्ट, मोड्यूलची आतली रचना छापणारं साधन, पुरतं. जॉबमध्ये लायब्ररीची डीडी (फाइल दाखवणारी ओळ) द्या, लिस्टलोड स्टेटमेंटमध्ये आउटपुट एक्सरेफ (कोण कुणाला रेफर करतं त्याची यादी) मागा, मेंबरचं नाव द्या आणि पहिला कॉलम मोकळा सोडा. मेंबर दिलाच नाही तर अख्ख्या लायब्ररीची यादी छापून येते. सुपरसीने (मजकूर शोधायचं साधन) चाळायला ती बरी.

पण स्टब दिसला म्हणून लगेच 'ऑनलाइन' लिहू नका. बऱ्याच ठिकाणी कंपाइलची एकच प्रोसीजर सगळ्यांना वापरतात आणि तिच्यातला इन्क्लूड निव्वळ बॅच प्रोग्रामलाही स्टब चिकटवतो. बघायचं ते हे, की प्रोग्रामच्या स्वतःच्या सीसेक्टमधून (मोड्यूलमधला कोडचा नाव असलेला भाग) स्टबमधल्या डीएफएचईआय१ या एंट्री पॉइंटकडे रेफरन्स जातो का. जात असेल तर सीआयसीएस कमांड खरंच आहेत. आणखी खात्री हवी असेल तर मोड्यूल हेक्समध्ये उघडा. प्रत्येक कमांडच्या पहिल्या आर्ग्युमेंटची सुरुवात फंक्शन कोडने होते: १८०२ म्हणजे रिसीव्ह मॅप, १८०४ म्हणजे सेंड मॅप, ०६०२ म्हणजे फाइल रीड. १८ वाले कोड सापडले की प्रोग्राम स्क्रीनशी बोलतो. मात्र सुटे दोन बाइट कुठेही योगायोगाने जुळतात, म्हणून रेफरन्स पक्का झाल्यावरच हे करा.

डीएफएचएक्ससीएसटीबी हा स्टब फसवतो. नावात डीएफएच आहे, पण तो बॅचमधून सीआयसीएसला हाक मारणाऱ्या प्रोग्रामचा. म्हणजे बॅचच.

प्रोग्राम डीबी२ हा डेटाबेस वापरत असेल तर त्याचेही स्टब असतात: डीएसएनईएलआय टीएसओ-बॅचचा (टीएसओ हा कमांड चालवणारा झेड/ओएसचा भाग) आणि डीएसएनसीएलआय सीआयसीएसचा. डीएसएनएचएलआय हा एंट्री पॉइंट दोन्हींत असतो, त्यामुळे सीसेक्टचं नाव वाचा. डीएसएनयूएलआय दिसला तर इथून काहीच कळत नाही, तो टीएसओ-बॅच आणि सीआयसीएस दोन्हीकडे चालतो. आयएमएस या डेटाबेस-व्यवहार प्रणालीचा डीएफएसएलआय००० तसाच: ऑनलाइन चालणारे एमपीपी प्रोग्राम आणि बॅचसारखे चालणारे बीएमपी प्रोग्राम, दोघांनाही तोच. तिथे सिस्टीम जेनमधल्या (आयएमएस उभारतानाच्या व्याख्या) ॲप्लिकेशन मॅक्रोचा प्रोग्राम टाइप, टीपी (म्हणजे ऑनलाइन) की बॅच, तो पाहा.

स्टब मुळीच नसला तरी 'बॅच' सिद्ध होत नाही. कमांड नसलेलं सबरूटीन ऑनलाइन प्रोग्राम सर्रास कॉल करतात. मग बाहेरचे पुरावे लागतात. सीएसडीत (सीआयसीएसच्या व्याख्यांची फाइल) डेफिनिशन आहे का ते पाहा, पण प्रोग्राम ऑटोइन्स्टॉल (डेफिनिशन आपोआप बनवणं) चालू असेल तर नसण्याला अर्थ नाही. सीईएमटी या सीआयसीएसच्या कमांडमधला यूज काउंट (प्रोग्राम किती वेळा वापरला) शून्य दिसला तर रीजन, म्हणजे ते चालू सीआयसीएस, कधी उठलं तेही विचारा, कारण नव्याने उठल्यावर मोजणी पुन्हा पहिल्यापासून होते.

बॅचच्या बाजूला जेसीएल (जॉब चालवायच्या सूचना) आणि प्रोक (तयार जेसीएल) लायब्ररीत नाव शोधा, कंट्रोल कार्ड असलेल्या लायब्ररीसकट. कारण एसएमएफच्या (झेड/ओएसची कामाची नोंदवही) टाइप ३० रेकॉर्डमध्ये जेसीएलच्या एक्झेक ओळीवर लिहिलेलंच नाव येतं. डीबी२चा प्रोग्राम तिथे आयकेजेईएफटी०१ म्हणून दिसतो, आयएमएसचा डीएफएसआरआरसी०० म्हणून. खरं नाव रन कमांडमध्ये किंवा पार्ममध्ये (एक्झेकवर दिलेलं पॅरामीटर) असतं. वर्षअखेरीचे जॉब सुटू नयेत म्हणून किमान १३ महिन्यांचे रेकॉर्ड घ्या.

यादीत 'दोन्ही' हा तिसरा रकाना ठेवाच. तारखेचं किंवा व्याजाचं सबरूटीन तिथेच जाणार. असं रूटीन स्टॅटिक लिंक झालं असेल तर लायब्ररीतल्या त्याच्या मेंबरला कुणी हात लावत नाही, तरी ते रोज चालतं. म्हणून 'वापरात नाही' असा शेरा मारण्याआधी त्याचं सीसेक्ट बाकीच्या मोड्यूलच्या एक्सरेफमध्ये शोधा.