०.३५ च्या खालचं बाळ

आमच्या लॅबमध्ये बाळांची नावं येत नाहीत, नळीवर फक्त बारकोड. हडपसरच्या ट्रॅफिकमधून आइसबॉक्स येतो आणि एकेका नळीत जेमतेम एक मिली सीरम, तेसुद्धा इवल्याशा हातातली शीर शोधून काढलेलं, आई बाजूला रडवेली झालेली असते. त्यामुळे एक थेंबही वाया घालवायचा नाही हे आमच्याकडे सगळ्यांना पक्कं माहितीये.

न्यूमोकोकल लसीची, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूविरुद्धच्या लसीची ट्रायल होती. सुरुवातीचे डोस पूर्ण झाल्यावर महिन्याभराने घेतलेली सँपल्स एलायझाला, म्हणजे अँटीबॉडी मोजायच्या चाचणीला लावली, तर एका बाळाचं ६बी सीरोटाइपचं (जंतूच्या एका प्रकाराविरुद्धचं) आयजीजी, म्हणजे अँटीबॉडी, ०.३५ मायक्रोग्रॅम प्रति मिली या ठरलेल्या रेषेच्या खाली आलं. नवीन जॉइन झालेली मुलगी म्हणाली, ताई, म्हणजे या बाळाला लस लागलीच नाही का? मी म्हटलं, थांब गं, तो आकडा गटागटाची तुलना करायला आहे, एकेका बाळाचं भविष्य सांगायला नाही, आणि ६बी तसंही बूस्टरच्या आधी बऱ्याच बाळांमध्ये हळूहळू वर येतं.

मग त्याच सीरमचं ओपीए लावलं. एलायझात कळतं अँटीबॉडी किती आहेत, ओपीएत कळतं त्या काम करतात का. सीरम पातळ पातळ करत जायचं, त्यात जिवंत जंतू, मग कोवळ्या सशाचं कॉम्प्लिमेंट (जंतू मारायला मदत करणारी रक्तातली प्रथिनं) आणि पांढऱ्या पेशींचं काम करणाऱ्या एचएल-६० पेशी, ज्या आम्ही आधी काही दिवस खास तयार करून ठेवतो. या पेशी जंतू गिळून मारतात, पण अँटीबॉडी जंतूवर नीट चिकटलेली असेल तरच. मग प्लेटवर थेंब, वर रंगाचा अगर, रात्रभर इनक्युबेटर.

सकाळी प्लेट उजेडात धरली. कंट्रोलच्या पट्टीत लाल ठिपकेच ठिपके, म्हणजे जगलेले जंतू, आणि या बाळाच्या १:८ च्या पट्टीत अगदी मोजके, निम्म्याहून खूपच कमी. पुढच्या डायल्यूशनला ठिपके परत वाढलेले, म्हणजे टायटर (किती पातळ केलं तरी निम्मे जंतू मरतात तो आकडा) फार नाही, पण ८ च्या वर नक्की. अँटीबॉडी थोड्या होत्या पण मारत होत्या! ती मुलगी दोनदा मोजून आली, दोन्ही वेळा तोच आकडा.

मला मनापासून वाटतं की रिपोर्टमध्ये हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी यायलाच हवेत, एकट्या एलायझावर असं बाळ उगाच कोरडं धरलं जातं. आता नऊ महिन्यांच्या बूस्टरनंतरची नळी येईल तेव्हा या बारकोडचं ६बी मी स्वतः लावणार आहे.